हॅमर कोरल पांढरा पडतोय? आधी पाणी तपास

तुझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या हॅमर कोरलचा, म्हणजे हातोडीसारखी टोकं असलेल्या प्रवाळाचा, फोटो पाहिला. मांस शाबूत आहे, नुसता रंग उडालाय. म्हणजे प्रवाळ जिवंत आहे, फक्त त्याच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारं सूक्ष्म शैवाल निघून गेलंय. यातून तो सावरू शकतो. तपकिरी, बुळबुळीत गाळ दिसला तर मात्र थांबू नकोस, प्रवाळाचं तेवढं डोकं, म्हणजे ती शाखा, कापून वेगळं कर. तो गाळ झपाट्याने पसरतो.

आता अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल सोसण्याची क्षमता, मोज. ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक) ठेव, आणि रोज तेवढीच. चढउतार आकड्यापेक्षा जास्त घातक. तापमान २५-२६ अंश, खारटपणा हायड्रोमीटरवर (पाण्याची घनता मोजणाऱ्या उपकरणावर) १.०२५. दिवा नवा बसवलायस ना? प्रकाश निम्म्यावर आण, मग काही आठवड्यांत हळूहळू वाढव. आणि कृपा करून त्याची जागा सारखी बदलू नकोस.