आधी मोल, मग बाकीचे

प्रश्न : 4.5 ग्रॅम पाण्यात रेणू किती, हे काढताना 18 ने गुणायचे की भागायचे? सूत्रे पाठ आहेत, पण परीक्षेत उलटसुलट होतात.

उत्तर : सूत्र घटकाभर विसरा. पाण्याचे (H₂O) रेणुवस्तुमान, म्हणजे रेणूतल्या अणूंच्या वस्तुमानांची बेरीज, 2 + 16 = 18, म्हणजे 18 ग्रॅम पाणी हा एक मोल. तुमच्याकडे 4.5 ग्रॅम आहे, म्हणजे पाव मोल. बघा, भागाकार आपसूकच झाला! एका मोलमध्ये 6.022 × 10²³ रेणू असतात, त्यांचा पाव हिस्सा सुमारे 1.5 × 10²³. ग्रॅमवरून थेट रेणूंवर उडी मारू नका. वाटेत मोल काढाच. उलट निघालात, रेणूंवरून ग्रॅमकडे, तरी वाट हीच.

आणि उत्तराकडे एकदा डोळे उघडून पाहा. घाईत 6.022 × 10²³ ने गुणण्याऐवजी भागले, तर उत्तर 10 च्या ऋण घातात येते. म्हणजे 4.5 ग्रॅम पाण्यात एक रेणूसुद्धा नाही! अशी चूक पकडायला गणित पुन्हा करावे लागत नाही.

प्रश्न : ऑक्सिजनच्या 3.011 × 10²³ रेणूंचे वस्तुमान मी 8 ग्रॅम काढले. पुस्तकात 16 आहे. छपाईची चूक असेल का?

उत्तर : पुस्तक बरोबर आहे. अर्धा मोल तुम्ही नीट काढलात, पण गुणले 16 ने, आणि 16 हे ऑक्सिजनच्या अणूचे वस्तुमान. रेणू O₂, त्याचे 32, म्हणून 0.5 × 32 = 16 ग्रॅम. प्रश्नात 'अणू' असते तर तुमचे 8 अचूक ठरले असते. माझ्या पाहण्यात या धड्यातले सर्वाधिक गुण इथेच जातात, म्हणून आकडेमोडीआधी 'अणू' की 'रेणू' हा शब्द अधोरेखित करा.

प्रश्न : मिठाच्या एका रेणूचे वस्तुमान 58.5 म्हणायचे का?

उत्तर : मिठाच्या स्फटिकात सुटे रेणू नसतातच, प्रत्येक आयनाभोवती (प्रभारित अणूभोवती) विरुद्ध प्रभाराचे सहा आयन असतात. 58.5 हे NaCl या सूत्राचे वस्तुमान. 58.5 ग्रॅम मिठात एक मोल सोडिअम आयन आणि एक मोल क्लोराइड आयन असतात. आकडेमोड नेहमीचीच.

प्रश्न : 6.022 × 10²³ हा असला अवघड आकडा कशाला? सरळ 10²⁴ का नाही?

उत्तर : तो कुणी सोयीने निवडलेला नाही, शोधावा लागला. ग्रॅम आधीपासून होता. अणूंची वस्तुमाने एकमेकांच्या तुलनेत ठरली होती. कार्बन-12 चे 12 ग्रॅम घेतले तर त्यात अणू किती, हा प्रश्न उरला. ज्यांच्या नावाने ही संख्या ओळखली जाते, त्या खुद्द ॲव्होगॅड्रो या शास्त्रज्ञांना हा आकडा ठाऊक नव्हता. समान तापमान व दाबाला वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, एवढे त्यांनी 1811 मध्ये मांडले. त्यांचे नाव या संख्येला द्यावे असे 1909 मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ज्याँ पेरँ यांनी सुचवले. 20 मे 2019 पासून मोलची व्याख्याच 6.02214076 × 10²³ कण अशी झाली आहे. त्याऐवजी 10²⁴ घेतले असते, तर एक मोल पाणी सुमारे 29.9 ग्रॅम भरले असते आणि रेणुवस्तुमान पाहून लगेच ग्रॅम सांगण्याची सोय गेली असती.