पिट्सबर्गला येताय? मग २३ डिसेंबर १९७२ बद्दल ऐकून ठेवा

सांगलीहून ऑगस्टमध्ये नोकरीसाठी पिट्सबर्गला यायचं तुमचं ठरलं आहे, आणि तुम्ही विचारलंत, "ऑफिसात सगळे फुटबॉलवरच बोलतात म्हणे. मलाही शिकावं लागेल का?" घरभाडं आणि थंडीचे कपडे यांबद्दल फोनवर बोलू. या प्रश्नाला मात्र सविस्तर लिहिते, कारण सोळा वर्षांत मला हे शहर याच खेळामुळे आपलं वाटायला लागलं.

हा अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळायचा किंवा फेकायचा. खेळ कळायला अवघड नाही. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना 'डाउन' म्हणतात. दहा यार्ड झाले की नवे चार, नाही झाले तर चेंडू समोरच्यांकडे. प्रत्येक डाउन काही सेकंदांचा, आणि त्याआधी दोन्हीकडची माणसं नव्याने लावली जातात. क्रिकेट बघितलेल्याला ही गंमत पटकन कळते. साठ मिनिटांचा सामना तीन तास चालतो, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

आता ती तारीख. विमानतळावर जॉर्ज वॉशिंग्टन आणि इथल्या स्टीलर्स संघाचा खेळाडू फ्रँको हॅरिस, दोघांचेही पुतळे आहेत. फ्रँको वाकून पायाशी आलेला चेंडू उचलतोय. त्या दिवशी ओकलंडचे रेडर्स ७-६ ने पुढे होते. बावीस सेकंद उरलेले, स्टीलर्सचा चौथा डाउन, दहा यार्ड हवेत. स्टीलर्सच्या टेरी ब्रॅडशॉने अंगावर आलेल्यांना चुकवत चेंडू आपल्याच संघातल्या फ्रेंची फुक्वाकडे फेकला. रेडर्सचा जॅक टेटम तिथेच येऊन त्याच्यावर आदळला आणि चेंडू उसळून मागे आला. तो जमिनीला टेकणार, इतक्यात पहिल्याच वर्षी खेळणाऱ्या फ्रँकोने तो उचलला आणि थेट मैदानाच्या टोकाचा पट्टा, म्हणजे एंड झोन गाठला. १३-७!

पण तेव्हाचा नियम असा, की चेंडू आधी फुक्वाला लागला असेल आणि मध्ये टेटमचा स्पर्श झाला नसेल, तर फ्रँकोचा झेल बाद. पंचांनी बराच खल करून टचडाउन, म्हणजे एंड झोन गाठल्याचे गुण दिले. वाद आजही मिटलेला नाही. १९३३ साली स्थापन झालेल्या संघाचा प्लेऑफमधला तो पहिला विजय.

आमच्या शेजारी पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा राहतात. त्या काळी घरचा सामना त्याच शहरात टीव्हीवर दाखवत नसत, म्हणून त्यांनी तो स्वयंपाकघरात रेडिओवर ऐकला. हे सांगताना ते अजूनही रेडिओचं बटण फिरवल्यासारखी बोटं फिरवतात. पुढच्या काही वर्षांत संघाने चार सुपर बोल, म्हणजे सीझनचे अंतिम सामने जिंकले, आणि त्याच सुमारास पोलादाचे कारखाने बंद पडू लागले. त्यांचे भाऊ कामासाठी टेक्सासला गेले, जाताना स्टीलर्सचे चाहते सामन्यात फिरवतात तो पिवळा टॉवेल घेऊन गेले. या 'टेरिबल टॉवेल'ची कल्पना १९७५ साली रेडिओ समालोचक मायरन कोप यांनी पुढे आणली. पुढे त्यांनी त्याचे हक्क दिव्यांगांच्या एका शाळेला दिले. आज दुसऱ्या शहरातल्या सामन्यातही गॅलरीत हे टॉवेल फिरताना दिसतात. गाव सोडावं लागलेली माणसं आहेत ती. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

एक गोष्ट मात्र मला सलते. स्टीलर्सचा माइक वेबस्टर २००२ मध्ये गेला, आणि वारंवारच्या आघातांनी मेंदूची काय दशा होते हे डॉ. बेनेट ओमालूंना याच शहरात त्याच्या शवविच्छेदनात दिसलं. खेळावर माझं प्रेम आहे, पण माझ्या मुलाला मी तो खेळू दिला नाही.

२०२२ मध्ये त्या झेलाला पन्नास वर्षं होणार, आणि जेमतेम दोन-तीन दिवस आधी फ्रँको गेला. २४ डिसेंबरला समोर रेडर्सच होते. कडाक्याची थंडी, आजोबांच्या दिवाणखान्यात आम्ही आठजण. शेवटच्या मिनिटात स्टीलर्स १३-१० ने जिंकले. आजोबांनी टॉवेल फिरवला नाही, तोंडावर धरला.

तिकिटं महाग असतात, पहिल्या वर्षी त्यांच्या नादी लागू नका. सप्टेंबरात, गणपतीच्या आसपासच, सीझन सुरू होतो. पहिल्या रविवारी आमच्याकडे जेवायला या, मग शेजारी जाऊ. आजोबा ती गोष्ट काढतीलच. पूर्ण ऐकून घ्या, आणि मग विचारा, "चेंडू नक्की लागला कुणाला?"