फ्रीजर दगड, खालचा फ्रिज कोमट!

प्रश्न: आमचा डबल डोअर फ्रिज आहे. वरच्या फ्रीजरमध्ये आइस्क्रीम इतकं कडक होतंय की परवा चमचा वाकला पण ते हललं नाही. आणि खाली मात्र म्हणावं तसं गार होतच नाही, म्हणून खालचा नॉब वाढवत वाढवत शेवटच्या आकड्यावर नेलाय आणि वरचा तर आधीपासूनच फुल आहे. कॉम्प्रेसर दिवसभर चालूच. गॅस जास्त झालाय का?

उत्तर: गॅस सीलबंद असतो हो, तो आपोआप वाढत नाही, ते डोक्यातून काढून टाका. मला तर नॉबचाच संशय येतोय. अशा बऱ्याच फ्रिजमध्ये गारवा फक्त फ्रीजरच्या मागे तयार होतो आणि पंखा त्यातली थोडी हवा खाली ढकलतो. वरचा नॉब नुसती खाली हवा जायची झडप कमीजास्त करतो, खरा थर्मोस्टॅट, म्हणजे गारव्याप्रमाणे कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा, तो खालचा (काही मॉडेलमध्ये उलटं असतं, मॅन्युअल बघा). वरचा फुल केला की झडप जवळजवळ बंद, मग खालची जागा गार होईना, खालच्या थर्मोस्टॅटला वाटतं अजून काम बाकी आहे, तो कॉम्प्रेसर बंदच करत नाही आणि सगळी थंडी वरच साठत जाते. त्यात तुम्ही खालचाही वाढवलात, म्हणजे आगीत तेल, इथे बर्फात बर्फ म्हणा हवं तर.

दोन्ही नॉब मधोमध आणा आणि 24 तास अजिबात हात लावू नका, दर तासाला फिरवत बसलात तर काहीच कळणार नाही. हवेच्या जाळीपुढे पिशव्या कोंबल्या असतील तर त्या आधी सरकवा. नॉबवरचे आकडे म्हणजे डिग्री नव्हे, म्हणून थर्मामीटर फ्रीजरमधल्या पाकिटांच्या मधे रात्रभर ठेवा, उणे 18 च्या आसपास आलं की झालं.

तरी फरक नाही? मग थर्मोस्टॅटचा नॉब पूर्ण बंदवर फिरवा. तरीही कॉम्प्रेसर घरघरत राहिला तर बहुतेक आतला कॉन्टॅक्ट चिकटलाय, थर्मोस्टॅट बदलावा लागेल. बंद झाला तर सेन्सिंग ट्यूब (थर्मोस्टॅटला गारवा कळवणारी बारीक नळी) जागेवरून सुटलीय का ते बघायला सांगा. डिस्प्लेवाला फ्रिज असेल तर आधी फास्ट फ्रीझचं बटण चुकून चालू राहिलंय का बघा, नाहीतर गारवा मोजणारा सेन्सर बिघडला असेल. ट्यूबला किंवा वायरिंगला हात लावायची वेळ आली तर आधी प्लग काढा, आणि त्यातलं काही जमत नसेल तर मेकॅनिकला बोलवा.