होकुसाईची लाट माऊसपॅडवर छापणं हा कलेचा अपमान आहे का?

तुमचा प्रश्न असा, की जपानी चित्रकार होकुसाईचं उसळत्या लाटेचं जे चित्र बघायला लोक संग्रहालयात जातात, तेच माऊसपॅडवर नि पेनस्टँडवर छापणं हा त्या कलेचा अपमान नाही का? मला नाही वाटत. पण बहुतेक वेळा ते ज्या पद्धतीनं छापलेलं असतं, ते बघून मात्र जीव तुटतो.

ही लाट मुळात बाजारात विकायला केलेलीच वस्तू. साधारण 1831 साली एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, निशिमुराया योहाची या प्रकाशकानं ती काढली. होकुसाईचं काम रेखाटनाचं. ते पातळ कागदावरचं रेखाटन चेरीच्या फळीवर उलटं चिकटवून कारागिरानं कोरलं. कोरता कोरता मूळ कागद संपला. मग छापणाऱ्यानं एकेका रंगाचा ठसा घेऊन, त्यावर ओलसर कागद ठेवून, ‘बारेन’ नावाच्या चकतीनं पाठीमागून घासत प्रती काढल्या. अशा हजारो. एकीची किंमत साधारण दोन वाडगे नूडल्सएवढी. तेव्हा ‘खरं चित्र एकच, बाकी नकला’ हा हिशोब इथं लागूच होत नाही.

आणि रोजच्या वस्तूंचं म्हणाल, तर हिरोशिगे या दुसऱ्या जपानी चित्रकारानं हातपंख्यांवर चिकटवायला शेकडो चित्रं केली. उन्हाळाभर त्या पंख्यानं वारा घ्यायचा, फाटला की टाकून द्यायचा. म्हणून तर ती पंख्याची चित्रं आज इतकी दुर्मीळ आहेत. जी उरली त्यांतली बरीचशी कधी पंख्यावर चढलीच नव्हती. खुद्द जपाननं 2024 मध्ये हीच लाट हजार येनच्या नव्या नोटेवर घेतली. नोटेपेक्षा जास्त हाताळली जाणारी वस्तू कोणती?

मग माझं दुखणं काय? मी घेतलेल्या पहिल्या माऊसपॅडवर चित्र दोन्ही बाजूंनी कापलेलं होतं. मूळ छापील प्रत साधारण 25 × 37 सेंमी, चांगली आडवी. पॅड जवळजवळ चौरस. डावीकडची अक्षरांची चौकट आणि सही गेली, उजवीकडची होडी अर्धी झाली. लाट भव्य दिसते ती त्या तीन होड्यांमुळे आणि मागच्या एवढ्याशा फुजी पर्वतामुळे. शिवाय हे चित्र ज्या मालिकेतलं, ती मालिकाच फुजीच्या दर्शनांची आहे!

काही ठिकाणी चित्र आरशातल्यासारखं उलटं छापतात. ते तर फारच वाईट. जपानी वाचणाऱ्याची नजर उजवीकडून डावीकडे जाते, म्हणजे तो होड्यांच्या सोबत येतो आणि लाट त्याच्या अंगावर येते. उलट्या चित्रात हा धक्काच नाहीसा होतो.

रंगांचंही तेच. तो निळा म्हणजे परदेशातून आलेला प्रशियन ब्लू, जपान्यांचा ‘बेरो’, बर्लिनवरून पडलेलं नाव. स्वस्त छपाईत तो भडक होतो आणि आकाश सपाट पांढरं. चांगल्या प्रतींत फुजीमागे गडद राखाडी छटा हळूहळू विरत जाते. त्यासाठी छापणारा दर प्रतीला ठशावरचा रंग हातानं पुसून फिका करत असे.

म्हणून तयार पॅड घेताना डावीकडची अक्षरं, तिन्ही होड्या आणि ती राखाडी छटा जागेवर आहे का बघा. त्याहून बरं म्हणजे स्वतः करून घ्या. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आपल्या प्रतीचा मोठा फोटो संकेतस्थळावर फुकट देतं आणि वापरायला परवानगीही लागत नाही. मगवर फोटो छापून देणारे दुकानदार सहसा माऊसपॅडही करून देतात. 24 × 20 सेंमीच्या पॅडवर अख्खं चित्र 24 × 16 मध्ये बसतं, वर-खाली दोन-दोन सेंटीमीटर पट्टी उरते. ती भरायला चित्र ताणू देऊ नका. पट्टी जुन्या कागदासारख्या फिकट रंगाची ठेवायला सांगा. पांढरीशुभ्र ठेवली तर शेजारचं आकाश मळकट दिसतं.