कोरियन विंग्ज मऊ पडतात, कारण सॉसचा पाक झालेला नसतो

तुम्ही लिहिलंय की कोरियन चिकन विंग्ज, म्हणजे तळून तिखट-गोड सॉसमध्ये घोळवलेले कोंबडीचे पंख, दोनदा करून पाहिले, दोन्ही वेळा टेबलावर येईपर्यंत विंग्ज मऊ पडले आणि दुसऱ्या खेपेला सॉस कडूही झाला. गोचुजांग (मिरची, चिकट तांदूळ आणि आंबवलेल्या सोयाबीनची कोरियन लाल पेस्ट) मिळालं नाही म्हणून शेजवान सॉस वापरला. आणि आता मुलीच्या वाढदिवसाला वीस जणांसाठी हेच करायचंय. धाडस आहे बुवा!

अशा वेळी लोक पीठ बदलतात, तेल बदलतात. तळणीकडे येतेच मी, पण तुमचा घोळ सॉसमध्ये आहे. तुम्ही आलं-लसूण तेलात लाल केलं, सॉस घातला, अर्धी वाटी पाणी आणि वरून पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोर. ही चिली चिकनची रीत झाली. कोरियन विंग्जवर चढतो तो पाक. चिरोट्याच्या पाकाची तार चुकली की चिरोटा कसा लिबलिबीत होतो, अगदी तसंच इथे होतं. कॉर्नफ्लोरने सॉस दाट दिसतो खरा, पण त्यातलं पाणी तेवढंच असतं आणि ते सरळ कुरकुरीत थरात शिरतं. पाकातलं पाणी आधीच आटलेलं असतं, उरलेलं साखरेने धरून ठेवलेलं असतं.

या पदार्थाच्या जन्मकथेतही पाकच आहे. कोरियात त्याला यांगन्योम चिकन म्हणतात आणि त्याचं श्रेय सहसा देगू शहरातल्या यून जोंग-ग्ये यांना देतात. साधारण 1980च्या आसपासची गोष्ट. तळलेलं चिकन गार झालं की कडक व्हायचं आणि गिऱ्हाइकांच्या टाळूला टोचायचं, म्हणून त्यांनी तिखट सॉस लावायचं ठरवलं. आधी किमचीसारखा मसाला लावून पाहिला, काही जमेना. शेवटी शेजारच्या एका आजीबाईंनी सुचवलं, मुल्योत घालून बघ. मुल्योत म्हणजे मक्याचा किंवा तांदळाचा पातळ गोड पाक. तो घातला आणि जमलं. हे त्यांनी स्वतःच मुलाखतींत सांगितलेलं आहे.

आम्ही दक्षिण कोरियातल्या सुवॉन शहरात चार वर्षं होतो. तिथे पालदालमून दरवाजाजवळ चिकनची एक अख्खी गल्ली आहे, मोठ्या लोखंडी कढयांत सबंध कोंबड्या तळतात. माझी घरमालकीण मात्र विंग्ज घरीच करायची. तिच्याकडून मी शिकले ते प्रमाण देते. एक किलो विंग्जला:

गोचुजांग 3 मोठे चमचे, टोमॅटो केचप 2, सोया सॉस 1 (आपल्याकडचा डार्क नको, तो नुसता खारट आणि काळा असतो), लिक्विड ग्लुकोज 3, साखर दीड, व्हिनेगर 1, पाणी 2, भरड तिखट 1, आणि 6-7 लसूण पाकळ्या अगदी बारीक ठेचून. केचप बघून नाक मुरडू नका, कोरियातही घालतात.

लिक्विड ग्लुकोज इथे मुल्योतच्या जागी आहे, केकचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. चिकट असतं, चमचा आणि बोटं ओली करून काढा. नुसती साखर घातली तर सॉस गार झाल्यावर तिचे कण धरतात आणि विंग्ज पांढुरके, खरखरीत दिसतात. पाकात लिंबू पिळतात ना, त्याचं कारणही हेच. मध चालतो, पण त्याचा वास पुढे येतो आणि तो लवकर करपतो. काकवी घालायची असेल तर निम्मी घाला. कोरियात जोचोंग नावाचा तांदळाचा तपकिरी पाक असतो, त्याच्या ती त्यातल्या त्यात जवळ जाते.

सगळं गार कढईत एकत्र करायचं आणि मगच गॅस लावायचा, मंद ते मध्यम. तेल नाही, परतणं नाही. गोचुजांगमध्ये चिकट तांदूळ असतो, त्याची साखर झालेली असते, त्यामुळे आपल्या वाटणासारखं ते तेल सुटेपर्यंत परतलं की खाली लागतं आणि कडू होतं. तुमचा कडूपणा लाल केलेला लसूण आणि मोठी आच या दोघांचा. तीन-चार मिनिटांत बारीक फसफस थांबून मोठे, आळशी बुडबुडे यायला लागतात. थेंब ताटलीवर टाका, बोट ओढा. मधली रेघ तशीच राहिली की गॅस बंद. आणखी आटवलंत तर चिक्की होईल (माझी झाली आहे).

आता गोचुजांग. शेजवान सॉसमध्ये तेल, लसूण, मिरची आणि आंबटपणा आहे, पण आंबवलेल्या सोयाबीनची ती खोल, किंचित उग्र चव नाही. चांगलं काहीतरी तयार होईल, पण हे नाही होणार. पुण्यात कोरियन मंडळी बरीच आहेत, रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, त्यामुळे कोरियन किराणा मिळतो. नाहीतर ऑनलाइन मागवा. डब्यावर तिखटपणाच्या पायऱ्या असतात, वाढदिवसासाठी मधली घ्या. फ्रिजमध्ये कित्येक महिने टिकतं. वरचा थर काळपट झाला तर घाबरायचं नाही. गोचुगारू हे त्यांचं भरड तिखट नसेल तर खुशाल ब्याडगी घ्या, बिया काढून जाडसर कुटलेली. रंग भरपूर, जाळ कमी.

विंग्ज कातडीसकट हवेत. आपला चिकनवाला न विचारता सोलून देतो, तेव्हा आधीच बजावा. सांध्यावर कापून दोन तुकडे करायचे, टोकं सूपला. किलोला सपाट दोन छोटे चमचे मीठ, मिरपूड, किसलेलं आलं, अर्धा तास. मग कागदाने टिपून चक्क कोरडे करा. वर बटाट्याचं स्टार्च किंवा कॉर्नफ्लोर, पाऊण वाटी, दाबून लावायचं. मैदा नको, त्याचा थर जाड बसतो.

तळायचं दोनदा. पहिल्यांदा 160-165 अंशांवर आठ मिनिटं, रंग जेमतेम पिवळसर. मग जाळीवर दहा मिनिटं ठेवा. कागदावर ठेवलेत तर खालची बाजू स्वतःच्या वाफेत भिजते. या वेळात आतला ओलावा बाहेरच्या थरात येतो आणि दुसऱ्या तळणीत, 185-190 अंशांवर तीन मिनिटांत, तो उडून जातो. थर्मामीटर नसेल तर स्टार्चची पाण्यात भिजवलेली गोळी टाका: पहिल्या तेलात सावकाश वर यावी, दुसऱ्यात टाकल्याबरोबर. कढई भरू नका. फ्रोझन विंग्जचं हाड कधीकधी काळपट दिसतं, ते कच्चं असल्याचं लक्षण नाही, हाडातल्या मगजाचा रंग असतो.

दुसऱ्यांदा काढल्यावर मिनिटभर वाफ जाऊ द्या. पाक कोमट हवा, उकळता नको. मोठ्या भांड्यात अर्धा मिनिट उडवा, बस्स. ताटलीत सॉसचं तळं साचलं तर तो जास्त झाला. अजूनही धास्ती वाटत असेल तर ब्रशने लावा. 1991 साली गुमी शहरात सुरू झालेल्या क्योचोन या साखळीची सोया-लसूणवाली पद्धत हीच, एकेका तुकड्यावर ब्रश फिरवायचा. लहान मुलांसाठी गोचुजांग आणि तिखट वगळून सोया थोडा वाढवा आणि तसंच करा.

वीस जणांना तीन किलो लागतील. पहिली तळणी सकाळीच उरका, विंग्ज गार करून न झाकता फ्रिजमध्ये ठेवा. पाक दुपारी करून ठेवा. तासभर आधी विंग्ज बाहेर काढा, पाहुणे बसले की दुसरी तळणी आणि पाक कोमट करून लगेच घोळवणं. घोळवल्यावर वीस-पंचवीस मिनिटं कुरकुरीत राहतात, तेव्हा केक आधी कापून घ्या.

एअर फ्रायरचं विचारलंय. होतं, पण तो वेगळा पदार्थ आहे आणि तीन किलोला रात्र होईल.

सोबत चिकन-मू करा, पांढऱ्या मुळ्याचे चौकोनी तुकडे. पाणी, व्हिनेगर, साखर समप्रमाणात, चिमूटभर मीठ, आदल्या रात्री बुडवून फ्रिजमध्ये. आपला मुळा उग्र असतो, म्हणून तुकडे आधी तासभर मिठात ठेवून ते पाणी फेका. डबा घट्ट झाकणाचा घ्या, नाहीतर केकला मुळ्याचा वास लागेल. आमच्याकडे लागला होता.