अ‍ॅक्रोपोलिसची ५००० युरोची प्रायव्हेट व्हिजिट घ्यावी, की साधा गाइड पुरे?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात आई-बाबांना धरून पाचजण अथेन्सला चाललाय आणि प्रायव्हेट टूरचे रेट बघून डोकं गरगरलंय, कुठे काहीशे युरो तर कुठे थेट ५०००. मी कामानिमित्त अथेन्समध्ये राहिलोय, घरचे पाहुणे आले की शहरातल्या टेकडीवरच्या जुन्या देवळांची, म्हणजे अ‍ॅक्रोपोलिसची वारी ठरलेली, म्हणून सांगतो.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो. ५००० वाली स्कीम ग्रीक सरकारनेच २०२४ मध्ये काढली, जास्तीत जास्त ५ जणांचा ग्रुप, गेट उघडायच्या आधी किंवा बंद झाल्यावर वर सोडतात. रक्कम अख्ख्या ग्रुपची आहे, माणशी नाही, तरी आपले पाच लाख झालेच की! त्यात मिळते ती मुख्यतः शांतता. हनिमूनवाले, फोटोवाले, पैशाला तोटा नसलेले, त्यांनी खुशाल घ्यावी. तुमच्यासाठी माझं मत सरळ आहे, नका घेऊ.

दुसरं म्हणजे नेहमीच्या वेळेत आपल्यापुरता गाइड घेणं. हा मात्र घ्याच, कारण गाइडशिवाय वर गेलात तर आई अर्ध्या तासात म्हणणार की एवढं चढून पडके खांबच बघायचे होते का. पार्थेनॉन या वरच्या मुख्य देवळाच्या आत जाता येत नाही, बाहेरून चक्कर मारायची, त्यामुळे सगळी मजा काय बघायचं ते कळण्यात आहे. चांगला गाइड तुम्हाला पायरीच्या कोपऱ्यावर वाकून कडेकडेने बघायला लावतो, मग दिसतं की सरळ वाटणारी पायरी मधे फुगलीय, लांब बाजूला साधारण ११ सेंटीमीटर, आणि खांबही किंचित आत कललेत, हे सगळं इसवी सनापूर्वी ४४७ ते ४३२ मधलं काम. मग तो सांगतो की देऊळ नुसतं म्हातारपणाने पडलेलं नाही, १६८७ मध्ये तुर्कांनी आत दारूगोळा ठेवला होता आणि वेढा घालून बसलेल्या व्हेनिसच्या फौजेचा तोफगोळा नेमका त्यावर पडला. खांबांत मधेच पांढरेशुभ्र तुकडे दिसतील ते डागडुजीतले, दगड मूळच्यासारखाच पेंटेली डोंगरातला, आणि जुन्या दुरुस्तीतल्या लोखंडी पट्ट्या गंजून संगमरवर फोडत होत्या म्हणून आता टायटॅनियम वापरतात. आमच्या बाबांना हाच भाग सगळ्यात आवडला, ते रिटायर्ड सिव्हिल इंजिनियर, गाइडला सोडेनात.

गाइड लायसन्सवालाच घ्या. ग्रीसमध्ये हे शिकून परवाना काढावा लागतो, गळ्यात बिल्ला असतो. गेटबाहेर 'कम कम' करणाऱ्यांच्या नादी लागू नका. फीमध्ये तिकीट धरलंय का ते आधी विचारा, बहुतेकदा नसतं, आणि एप्रिल २०२५ पासून तिकीटच ३० युरो झालंय, त्यातही वेळेचा स्लॉट घ्यावा लागतो. सरकारी वेबसाइटवरून सकाळी ८ चा काढा, नंतर क्रूझवाल्यांच्या झुंडी येतात आणि उन्हाने जीव जातो. (जून-जुलैत उष्णतेची लाट आली की दुपारी टेकडीवर जाणं बंदच करतात, मे त्यामानाने बरा.)

आई-बाबांच्या गुडघ्यांचं म्हणाल तर वर काँक्रीटच्या वाटा केल्यात, पण चढावर जुना संगमरवर पायांनी घासून गुळगुळीत झालाय, चपला-सँडल नकोत, ग्रिपवाले बूट घाला. चढणं जमतच नसेल तर उत्तरेच्या बाजूला लिफ्ट आहे, पण ती चालायला खरंच त्रास असलेल्यांसाठीच, आधी विचारून ठेवा.

वर बायकांच्या आकाराचे खांब दिसतील ते कॉपी आहेत, मूळचे पाच खालच्या अ‍ॅक्रोपोलिस म्युझियममध्ये आणि एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. म्युझियमला गाइड नसला तरी चालतो, पाट्या इंग्रजीत आहेत. शुक्रवारी ते रात्री १० पर्यंत उघडं असतं, दुपारी हॉटेलवर झोप काढून संध्याकाळी निवांत जा.