कमाल भाव मिळाला, पण तो कोणत्या दिवशीचा?

प्रश्न : आमच्या तक्त्यात शेतमाल, बाजार समिती, दिनांक आणि प्रतिक्विंटल भाव असे रकाने आहेत. नोंदींचे गट पाडणारी ‘ग्रुप बाय’ ही आज्ञा वापरून प्रत्येक शेतमालाचा कमाल व किमान भाव मिळतो; मात्र सोबत दिनांक आणि बाजार समिती मागितल्यास मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीच्या जुन्या सर्व्हरवर भलताच दिनांक येतो आणि नव्या सर्व्हरवर एरर येते. पूर्ण नोंद कशी मिळवावी?

उत्तर : ‘ग्रुप बाय’ गटातील सर्व नोंदी मिळून एकच ओळ तयार करते. कमाल मूल्य काढणाऱ्या ‘मॅक्स’मुळे भावाचे उत्तर ठरते, पण त्या ओळीत दिनांक कोणत्या नोंदीचा घ्यावा, हे आपल्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, कोठेच सांगितलेले नसते. आवृत्ती ५.७.५ पूर्वीचे मायएसक्यूएल अशा वेळी गटातील कोणत्याही नोंदीचा दिनांक निमूटपणे उचलत असे. त्यानंतर ‘ओन्ली फुल ग्रुप बाय’ हा मोड मुळातच चालू असल्याने क्वेरी अडवली जाते. हा मोड बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मानू नये, कारण त्याने एरर जाते आणि चुकीचे उत्तर राहते.

जुन्या सर्व्हरवर सबक्वेरीत (क्वेरीच्या आत लिहिलेल्या क्वेरीत) प्रत्येक शेतमालाचा कमाल भाव काढून तो निकाल मूळ तक्त्याशी जोडावा. जोडणी शेतमाल आणि भाव या दोन्ही रकान्यांवर हवी. केवळ भावावर जोडल्यास कांद्याच्या कमाल भावाइतका भाव एखाद्या दिवशी मक्याला मिळाला असेल, तर मक्याची ती नोंदही निकालात शिरते. किमान भावासाठी हीच कृती ‘मिन’ घेऊन करावी.

आवृत्ती ८.० पासून विंडो फंक्शन, म्हणजे नोंदी एकत्र न करता प्रत्येक नोंदीसाठी गटावरून मूल्य काढणारी फंक्शन, उपलब्ध आहेत. ‘पार्टिशन बाय शेतमाल’ लिहून प्रत्येक शेतमालात स्वतंत्रपणे भावाच्या उतरत्या क्रमाने एक ‘रँक’ (क्रमांक) आणि चढत्या क्रमाने दुसरी काढावी, आणि बाहेरच्या क्वेरीत यांपैकी कोणतीही एक १ असलेल्या नोंदी घ्याव्यात. विंडो फंक्शनचे मूल्य ‘व्हेअर’मधील अटींची चाळणी झाल्यानंतर ठरत असल्यामुळे ही अट त्याच पातळीवर लिहिता येत नाही. ‘रँक’ सारख्या भावांना एकच क्रमांक देते; तिच्याऐवजी प्रत्येक नोंदीला वेगळा क्रमांक देणारे ‘रो नंबर’ घेतल्यास लासलगाव आणि पिंपळगाव येथे सारखाच कमाल भाव असताना दोहोंपैकी एक नोंद गळते, आणि कोणती गळेल याची शाश्वती नसते. भावांच्या अहवालात असे होऊन चालणार नाही.

किमान भावाच्या बाजूला आणखी एक अडचण आहे. ‘मिन’ रिकाम्या, म्हणजे ‘नल’, मूल्यांकडे दुर्लक्ष करते, परंतु मायएसक्यूएलच्या चढत्या क्रमात तीच आधी येतात. त्यामुळे भाव न भरलेली नोंद किमान भावाची ठरते. ‘भाव इज नॉट नल’ ही अट आतल्या क्वेरीतच घालावी. भावाचा रकाना संख्येच्या प्रकाराचा आहे ना, हेही तपासावे. तो मजकूर म्हणून साठवला असल्यास तुलना डावीकडील पहिल्या अक्षरापासून होते आणि ९५० हा भाव १२०० पेक्षा मोठा ठरतो.